पहिले घर कोठे घ्यावे : उल्हासनगर, अंबरनाथ की बदलापूर?

(नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील आहे. धम्मावर बोलण्याचा अधिकार भंतेजींचा. मी बोलणार आहे ते घराविषयी. दीक्षा घेतलेली पुष्कळ कुटुंबे माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. भाड्याची खोली सोडून स्वतःचे पहिले घर घ्यावयाचे आहे. मुंबई हाती लागत नाही, ठाणे लागत नाही, कल्याण-डोंबिवलीही आता जड जाते. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिहींपैकी कोठे घ्यावे?

हा प्रश्न विचारताना मंडळी दोन गोष्टी मोकळेपणाने बोलतात : भाव आणि स्टेशनपासूनचे अंतर. तिसरी गोष्ट मनात असते, पण ओठांवर येत नाही. ती म्हणजे, आपण कोणाच्या शेजारी राहणार? कोणी सांगतो, आपल्याच वस्तीत घर घ्या, अडीअडचणीला आपली माणसे धावून येतात. दुसरा सांगतो, आता बौद्ध झालात, वस्ती सोडा, मुलांना 'चांगल्या' लोकांत वाढवा. हे दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात. माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. ज्या घराचा कागद तुमच्या नावाने सरकारदरबारी नोंदलेला आहे आणि ज्या घराच्या दारावर तुम्ही आपले खरे नाव निर्भयपणे लावू शकता, ते घर घ्या. मग ते वस्तीत असो वा वस्तीबाहेर, उल्हासनगरात असो वा बदलापुरात.

कागदाचा एवढा आग्रह का, असे तुम्ही विचाराल. महारवाडा गावाबाहेर होता, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. परंतु त्याचे दुसरे लक्षण आपण विसरतो. तेथील वास्तव्य दुसऱ्याच्या मर्जीवर होते. वतनाची जमीन होती, पण ती सेवेच्या अटीवर. सेवा थांबली की जमीन गेली आणि गावाने बहिष्कार घातला की घरही गेले. या वतनाच्या जोखडातून आपला समाज मोकळा व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. त्याआधीची एक हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास ते गेले, तेव्हा परदेशात शिकलेल्या त्या विद्वानाला राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले आणि खरी जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. त्याच पुरुषाने पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले आणि त्यास 'राजगृह' हे बौद्ध इतिहासातील नाव दिले. नाव लपवून मिळालेली जागा आणि नाव लावून उभे केलेले घर यांतील अंतर मी यापेक्षा अधिक स्पष्ट करून सांगू शकत नाही.

आता एकेका नगराकडे वळू.

उल्हासनगर हे मुळात विस्थापितांचे नगर. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याण कॅम्प नावाची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्या बराकींत वसविण्यात आली आणि १९४९ साली तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी बराकींतून बाजार उभा केला. जीन्सच्या कपड्यांपासून फर्निचरपर्यंत काय तेथे बनत नाही! ज्यांची घरे हिरावली गेली होती, अशा लोकांच्या या नगराविषयी आपल्याला आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. बाजार जवळ, विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि शहाड अशी तीन स्टेशने हाताशी, कल्याण तर पायाशीच. कमावत्या माणसाला याहून सोयीचे ठिकाण नाही.

परंतु जागेच्या कागदाच्या बाबतीत या तिन्ही नगरांत सर्वांत अधिक सावध राहावे लागते ते येथेच, आणि त्याचे कारण त्या इतिहासातच आहे. येथील जमीन निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी घेतलेली. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याखाली ज्यांना भूखंड वा बराकी मिळाल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी सनद करून घेतली, अनेकांनी घेतली नाही. पुढे त्याच जागा हातोहात विकल्या गेल्या. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर करार, नोटरीचा शिक्का, सोबत एक कुलमुखत्यारपत्र, आणि झाला व्यवहार! असा कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मोठ्या विश्वासाने विचारतात, "साहेब, नोटरी झाली आहे, आता काय भीती?" भीती ही की नोटरीचा शिक्का फक्त एवढेच सांगतो की अमुक माणसाने अमुक दिवशी माझ्यासमोर सही केली. तो माणूस त्या जागेचा मालक होता की नाही, हे तो सांगत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले पाहिजे. आणि २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही. आयुष्याची पुंजी ओतून घेतलेली अशी खोली म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवरचे वास्तव्य होय. फरक इतकाच की या वेळी त्या मर्जीची किंमत आपण रोख मोजलेली असते.

दुसरी गोष्ट इमारतींची. उल्हासनगरात बेकायदा बांधकामे इतकी वाढली की २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांचा आक्रोश झाला आणि शासनाने २००६ साली केवळ उल्हासनगरापुरता, अनधिकृत बांधकामे दंड आकारून नियमित करण्याचा कायदा केला. कायदा झाला म्हणजे सर्व इमारती नियमित झाल्या, अशी एक समजूत दलालांनी पसरवून ठेवली आहे. ती खोटी आहे. प्रत्येक इमारतीचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र छाननी, स्वतंत्र आदेश लागतो. तुम्ही पाहत असलेल्या इमारतीचा तो आदेश मागा; 'प्रोसेसमध्ये आहे' या उत्तरास नकार समजा. कागद बाजूला ठेवला तरी जिवाचा प्रश्न उरतोच. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरातील दोन इमारतींचे स्लॅब एका पंधरवड्यात कोसळले आणि झोपेत, जेवणाखाण्यात असलेली माणसे दगावली. म्हणून जुन्या इमारतीत सदनिका घेताना संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहिल्यावाचून टोकनाचे पैसे देऊ नका. भाव कमी आहे, तो का कमी आहे याचे उत्तर बहुधा त्या अहवालात असते.

ज्याची सनद स्वच्छ, ज्याचे खरेदीखत नोंदलेले, ज्याची इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेली, अशी घरेही उल्हासनगरात आहेत. ती महाग असतात. असू द्यात.

अंबरनाथविषयी मला फार बोलावयाचे नाही. हे कारखान्यांचे गाव. १९५३ साली येथे ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली; आगपेट्यांचा विमको कारखाना एके काळी येथे होता, पुढे औद्योगिक वसाहती आल्या. कारखान्यांबरोबर आपली माणसे आली, त्यांच्या वस्त्या वसल्या, विहारे झाली. नवदीक्षित कुटुंबाला दर रविवारी मुलांना घेऊन वंदनेस जाता येईल असे विहार चालण्याच्या अंतरावर असणे ही लहान गोष्ट नव्हे; संस्कार पुस्तकातून येत नाहीत, सवयीतून येतात. लोकलचा विचार करता अंबरनाथहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्यामुळे सकाळी बसावयास जागा मिळण्याची थोडी तरी आशा असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर, बदलापूर सुमारे ६८. कागदावर हे आठ किलोमीटर काहीच नाहीत. पण भरून आलेल्या गाडीत दारात लोंबकळत जाणाऱ्याला विचारा!

अंबरनाथचे नाव अकराव्या शतकातील शिलाहारकालीन मंदिरामुळे सर्वत्र माहीत आहे. तुम्ही मात्र घर पाहताना त्या मंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीकडे पाहा. ही नदी अंबरनाथ आणि उल्हासनगर दोहोंतून जाते आणि कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी पोटात घेऊन जाते. २०१४ साली उल्हासनगरात तिच्यात टाकलेल्या रसायनामुळे काठच्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन इस्पितळात न्यावे लागले. दलाल तुम्हाला घर दुपारी दाखवील. तुम्ही रात्री दहा वाजता पुन्हा जा. कारखान्यांचा धूर आणि वास रात्री कळतो. शेजारच्या बायकांना विचारा की पाणी किती वाजता येते आणि किती वेळ राहते. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी येते, उल्हासनगर औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी घेते. परंतु तुमच्या गल्लीच्या नळाला काय येते ते त्या बायकांइतके कोणीच सांगू शकणार नाही.

बदलापुराशी आपला एक जुना धागा आहे. १९२७ साली तेथील शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले होते. आज बदलापुरात रो-हाउस मिळतात. पुढे चार हात अंगण, मागे तुळशी नसली तरी पिंपळाची कुंडी, वर गच्ची. ज्यांचे आयुष्य दहा बाय बाराच्या खोलीत गेले त्यांचे डोळे त्या रो-हाउसवर खिळतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण रो-हाउस म्हणजे केवळ भिंती नव्हेत. त्याखाली जमीन आहे आणि त्या जमिनीला इतिहास आहे.

सातबारा उतारा काढा आणि भोगवटादाराच्या वर्गाकडे पाहा. तेथे 'वर्ग २' असे असेल तर थांबा. १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याचा कायदा झाला, तेव्हा महार वतनाच्या जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत मिळाल्या, परंतु जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत या अटीवर. ती अट आपल्याच माणसाची जमीन कोणी कवडीमोलाने लुबाडू नये म्हणून होती. तरीही शहरे वाढली तशा अशा जमिनी साध्या कागदांवर गेल्या. दुर्दैवाची परिसीमा अशी की एका बौद्ध कुटुंबाने फसवणुकीने गमावलेल्या वतनाच्या तुकड्यावर दुसऱ्या बौद्ध कुटुंबाने कर्ज काढून घर घ्यावे आणि दोघांनी न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहावे! असेच आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे. डोंगराकडच्या गावांत ठाकूर-कातकऱ्यांच्या जमिनी आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे त्या बिगर आदिवासीला परवानगीवाचून देता येत नाहीत. ज्यांनी स्वतः लुबाडणूक भोगली त्यांनी दुसऱ्याच्या लुबाडणुकीवर आपले घर बांधू नये, हे सांगावयास कायद्याचीही गरज पडू नये. म्हणून सातबारा पाहा, फेरफार पाहा, बिनशेती आदेश पाहा, मंजूर नकाशा पाहा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या. वकिलाची फी जाते खरी. मी वकील असल्यामुळे हे सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

बदलापूरचा दुसरा प्रश्न उल्हास नदीचा. २६ जुलै २००५ चा पूर जुन्या लोकांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी याच परिसरात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली आणि शेकडो प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. पश्चिमेकडील रमेशवाडी, हेंद्रेपाडा, वालिवली अशा नदीजवळच्या भागांत तेव्हा घराघरांत पाणी शिरले. पाटबंधारे खात्याने नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे : निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'नदीचे दृश्य दिसणारे घर' अशी जाहिरात दिसली की त्या घराचा सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेत जा आणि तो कोणत्या रेषेच्या आत आहे ते विचारा. आणखी एक सांगतो. नवे स्टेशन होणार, मेट्रो येणार, असे सांगून आज भाव वाढवून घेतला जातो. आज जी गाडी आहे, जो रस्ता आहे, त्याच्या हिशेबाने घर घ्या. उद्या मेट्रो आली तर आनंदाने बसू.

नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांसाठी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चांगले संरक्षण दिले आहे. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असावा आणि नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर घर बांधून झाले आहे एवढेच सिद्ध होते, राहण्यास योग्य ठरले आहे हे नव्हे. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीकडेही लक्ष ठेवा. तेथे अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात आणि त्यांत नवबौद्धही येतात. त्यासाठी जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवा. दीक्षा घेतल्यामुळे सवलत गेली, असे एखादा कारकून सांगेल. १९९० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचाच दर्जा दिला आहे, हे त्यास शांतपणे दाखवून द्या.

कर्जाविषयी भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यांत धन असण्याचे आणि धनाचा उपभोग घेण्याचे सुख आहे, तसेच कोणाचेही ऋण नसण्याचे सुख आहे. आज कर्जावाचून घर होत नाही, हे खरे. पण नवराबायको दोघे कमावत असतील तर हप्ता एकाच्या पगारात बसेल एवढेच कर्ज काढा; बाळंतपण, आजारपण, कंत्राटी नोकरीचा खंड, यांतले काही ना काही येतेच. पूर्वाभिमुख दाराचे घर म्हणून बिल्डर जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नका. वास्तुशास्त्राची किंमत बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने का मोजावी? ऊन कोठून येते आणि वारा कोठून, एवढे पाहा. त्या वाचलेल्या पैशांत परित्राणपाठ होईल आणि मुलांची पुस्तकेही होतील.

आणि घर स्त्रीच्या नावावर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलत हे लहान कारण झाले. वारसाच्या बाबतीत बौद्धांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. आपण निदान खरेदीखतावर पत्नीचे नाव घालू.

आता त्या न बोललेल्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो. घर पसंत पडते, भाव ठरतो आणि मग आडनाव विचारले जाते. नंतर फोन येतो की मालकांचा विचार बदलला. किंवा सोसायटीचे पदाधिकारी म्हणतात, आमच्याकडे 'सगळे एका विचाराचे' लोक आहेत. यावर काही कुटुंबांनी एक वाट काढली आहे. ते आडनाव अर्धे सांगतात, तथागतांची तसबीर आतल्या खोलीत लावतात, १४ एप्रिलला गावी जातात. मी त्यांस दोष देत नाही. घराची निकड मी जाणतो. परंतु मुलाला रोज शाळेत जाताना 'आपण कोण हे सांगू नकोस' असे बजावावे लागत असेल तर त्या घराची खरी किंमत तो मुलगा देतो आहे. तसे घर घेऊ नका. जेथे उघडपणे नकार मिळाला तेथे गप्पही राहू नका.

१९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत, गावात वा भागात राहण्याचे घर बांधणे, मिळविणे वा त्यात राहणे यास अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रतिबंध करणे हा गुन्हा ठरविला आहे. कलम ७ च्या स्पष्टीकरणात घर भाड्याने देण्यास नकार देणे हेही बहिष्काराचे रूप मानले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार स्वतंत्र गुन्हा केला. कायदा आहे, तो वापरणारा हवा आणि पुरावाही हवा. एक अडचणही सांगून ठेवतो. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. अमेरिकेत १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे करार न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असे म्हटले. आपण या बाबतीत उलट्या दिशेने एक पाऊल गेलो, असे माझे मत आहे. म्हणून सोसायटीचे उपविधी आधी वाचा. ज्या सोसायटीच्या उपविधीत असे बंधन नाही, आणि बहुतेकांत ते नसते, तिला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या हस्तांतरासाठी सोसायटीच्या 'ना हरकत' दाखल्याची गरजही नाही. तो दाखला अडवून धरणे ही निव्वळ दांडगाई आहे.

तेव्हा सभासदत्वाचा अर्ज लेखी द्या, खरेदीखताची प्रत जोडा आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. नकार आला तर तो लेखी मागा, आणि तोंडी दिला तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे पद व शब्द त्याच दिवशी वहीत लिहा. ती वही घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. जातीचा उल्लेख झाला असेल तर पोलीस ठाण्यातही जा. एकटे जाऊ नका, विहारातील दोन माणसे बरोबर घ्या.

जय भीम. नमो बुद्धाय.